संकेतस्थळाची बाह्यरुग्ण नोंदवही : काय मोजावे आणि किती?

चिकित्सालय लहान असो वा मोठे, तेथे एक नोंदवही असतेच. आज किती रुग्ण आले, त्यांपैकी नवे किती आणि जुने किती, कोणत्या गावाहून आले, कोणत्या तक्रारीसाठी आले, हे सायंकाळी ती वही उघडली की कळते. औषधालयातही साठ्याची वही असते आणि कोणत्या ऋतूत कोणत्या कल्पाची मागणी वाढते, हे मालक त्या वहीवरून सांगू शकतो. मात्र याच वैद्याला किंवा औषधालयाच्या मालकाला, ‘आपल्या संकेतस्थळावर गेल्या महिन्यात किती लोक आले व ते काय पाहून गेले?’ असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. संकेतस्थळ तयार करवून घेतलेले असते, त्याच्या नावाचे व जागेचे शुल्क दरवर्षी भरले जाते, छायाचित्रेही सुंदर असतात. नोंदवही तेवढी नसते.

ही नोंदवही कशी सुरू करावी, तिच्यातील आकडे कसे वाचावेत आणि ती ठेवताना वैद्याने कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. यातील मर्यादेचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कापडाच्या वा भांड्यांच्या दुकानदाराने आपल्या संकेतस्थळावरील गिऱ्हाईक मोजणे आणि वैद्याने आपल्या संकेतस्थळावरील रुग्ण मोजणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत.

मोजण्यापूर्वी प्रश्न

रुग्णाला तपासण्यापूर्वी आपण प्रश्न विचारतो. येथेही आकड्यांच्या आधी प्रश्न ठरले पाहिजेत. आम्ही चोपड्यास व्यवसाय करतो, म्हणून उदाहरण येथलेच घेतो. उत्तरेस सातपुडा व मध्य प्रदेशची सीमा, दक्षिणेस तापी, आणि मधून जाणारा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता, असा हा तालुका आहे. गावाला रेल्वे नाही. अडावद, धानोरा, लासूर येथून, सातपुड्याच्या पाड्यांवरून, तापीपलीकडच्या अमळनेरहून किंवा धुळे जिल्ह्यातील शिरपूरहून येणारा रुग्ण एस.टी.ने किंवा मोटारसायकलने येतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून येतो. अशा माणसाला संकेतस्थळावर काय हवे असते? वैद्य आज बसणार आहेत काय, किती वाजेपर्यंत बसणार आहेत, पंचकर्मासाठी मुक्काम करावा लागेल काय, सोबत कोणी आणावे लागेल काय, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. आयुर्वेदाच्या उत्पत्तीची कथा त्याला त्या क्षणी नको असते.

यावरून आपले प्रश्न तीनच उरतात. लोक काय जाणून घेण्यासाठी येतात? ते कोणत्या वाटेने येतात? आणि आल्यानंतर दूरध्वनी करणे, पत्ता पाहणे, पथ्यापथ्याचे पत्रक उतरवून घेणे यांपैकी काही घडते काय? या तिन्हींचे उत्तर न देणारा आकडा कितीही मोठा असला तरी आपल्या उपयोगाचा नाही, हे आरंभीच ठरवून टाकावे.

मोजणी कशी होते?

मोजणीच्या दोन पद्धती आहेत. पहिली पद्धत सर्व्हरवरील नोंदीची. आपले संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, तो संगणक त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतो. त्या ओळीत वेळ, मागणाऱ्याचा आय.पी. पत्ता, मागितलेले पान, ब्राउझरचा प्रकार आणि माहीत असल्यास आधीचे पान, एवढे असते. अनेक होस्टिंग कंपन्यांच्या सी-पॅनेलमध्ये ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ नावाचे साधन आधीच असते व ते या ओळींचा गोषवारा काढून देते. वेगळा खर्च करावा लागत नाही. दोष एवढाच, की शोधयंत्रांचे व इतर स्वयंचलित कार्यक्रमांचे फेरेही त्यात मोजले जातात, त्यामुळे आकडा फुगतो. ‘हिट’ या शब्दानेही फसू नये. एका पानावर दहा चित्रे असतील, तर ते पान एकदा उघडल्यावर अकरा हिट होतात. माणूस मात्र एकच आलेला असतो.

दुसरी पद्धत पानातच एक छोटा कोड बसविण्याची. पान उघडले की हा कोड भेट देणाऱ्याच्या मोबाइलमध्ये चालतो, कुकी नावाची एक चिठ्ठी तेथे ठेवतो आणि मोजणी करणाऱ्या कंपनीला कळवितो. गुगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘गुगल ॲनालिटिक्स’ विनामूल्य खुले केले, तेव्हापासून ही पद्धत सर्वत्र पसरली. तिची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली असून सध्या चौथी आवृत्ती चालते. ज्यांनी आपले संकेतस्थळ त्यापूर्वी करवून घेतले व पुन्हा पाहिले नाही, त्यांनी आपला कोड तपासावा. तो ‘यूए’ या अक्षरांनी सुरू होत असेल, तर कोड पानात असूनही मोजणी होत नाही. नवा क्रमांक ‘जी’ या अक्षराने सुरू होतो.

याच प्रकारचे ‘मॅटोमो’ हे मुक्त साधनही आहे. २००७ मध्ये ‘पिविक’ या नावाने ते सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. ते आपल्याच होस्टिंगवर बसविता येते, त्यामुळे नोंदी आपल्याच जागेत राहतात. या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

प्रत्यक्ष मांडणी

खाते चिकित्सालयाच्या किंवा औषधालयाच्या स्वतःच्या ई-मेलवर उघडावे. संकेतस्थळ करून देणाऱ्या तंत्रज्ञाला आवश्यक तेवढा प्रवेश द्यावा, परंतु प्रमुख अधिकार आपल्याकडे असावेत. आमच्या माहितीतील एका औषधालयाचे खाते तंत्रज्ञाच्या व्यक्तिगत ई-मेलवर होते. तो तरुण नोकरीनिमित्त परगावी गेला, दूरध्वनी क्रमांक बदलला आणि काही वर्षांच्या नोंदी कोणाच्याच हाती राहिल्या नाहीत. औषधनिर्मितीचा परवाना आपण कारागिराच्या नावे काढीत नाही. या खात्याचेही तसेच समजावे.

खाते उघडताना वेळ भारताची व चलन रुपया निवडावे. वेळ अमेरिकेची राहिली, तर आपल्या सकाळच्या भेटी आदल्या दिवसाच्या खात्यात पडतात आणि सोमवारची गर्दी रविवारी दिसू लागते. कोड प्रत्येक पानावर यावा, पण एकदाच यावा. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत एकदा थीममधून आणि एकदा प्लगिनमधून असा दोनदा बसला, तर प्रत्येक भेट दुप्पट मोजली जाते. बसविल्यानंतर आपल्याच मोबाइलवर संकेतस्थळ उघडून ‘रिअलटाइम’ अहवालात एक भेट दिसते की नाही, हे पाहावे.

त्यानंतर आपली स्वतःची ये-जा वगळावी. स्वागतकक्षातील संगणकावर दिवसभर आपलेच संकेतस्थळ उघडे असेल, तर तोच संगणक सर्वांत निष्ठावान अभ्यागत ठरेल! त्यासाठी चिकित्सालयाचा आय.पी. पत्ता देऊन गाळणी लावता येते. मात्र ही गाळणी प्रथम चाचणीच्या अवस्थेत असते, ती आपण होऊन चालू करावी लागते. शिवाय साध्या ब्रॉडबँड जोडणीचा पत्ता मधूनमधून बदलतो, म्हणून अधूनमधून तपासणी करावी.

सविस्तर नोंदी किती काळ ठेवावयाच्या, यासाठी दोन महिने व चौदा महिने असे दोन पर्याय असून न बदलल्यास दोन महिनेच राहतात. एकत्रित आकडे त्यापुढेही पाहता येतात, परंतु खोलात जाऊन शोध घेता येत नाही. आपला व्यवसाय ऋतुचर्येशी बांधलेला आहे. यंदाच्या वर्षाऋतूची तुलना गतवर्षीच्या वर्षाऋतूशीच व्हावयास हवी, ग्रीष्माशी नव्हे. ही तुलना खोलात जाऊन करावयाची असेल, तर चौदा महिन्यांचा पर्याय निवडावा. तशी इच्छा नसेल, तर दोन महिने पुरेत.

शेवटची गोष्ट म्हणजे कृतींची नोंद. पत्रक उतरवून घेणे, बाहेरच्या दुव्यावर जाणे या कृती नव्या आवृत्तीत आपोआप नोंदल्या जातात. परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची कृती, म्हणजे दूरध्वनी क्रमांकावर बोट ठेवून केलेला फोन, आपोआप मोजला जात नाही. त्याची वेगळी नोंद तंत्रज्ञाकडून लावून घ्यावी व तिला प्रमुख कृतीचा दर्जा द्यावा.

वाट ओळखण्याची युक्ती

आपल्याकडे संकेतस्थळाचा दुवा बहुधा व्हॉट्सॲपवरून फिरतो. तेथून आलेला माणूस कोठून आला, हे कोडला पुष्कळदा कळत नाही आणि त्याची गणना ‘थेट’ या रकान्यात होते. हा रकाना मोठा दिसला म्हणून लोकांना आपला पत्ता तोंडपाठ आहे, असे समजू नये. दुव्याच्या शेवटी स्रोत, माध्यम व मोहीम अशी तीन नावे जोडण्याची सोय असते. वर्षाऋतूतील बस्ती उपक्रमाचा संदेश पाठविताना एक दुवा, केसपेपरवरील क्यूआर कोडसाठी दुसरा, वृत्तपत्रातील जाहिरातीसाठी तिसरा, असे वेगळे दुवे केले की प्रत्येक वाटेचा हिशेब वेगळा मिळतो. ही नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि प्रत्येक वेळी तंतोतंत सारखी लिहावीत. एकदा मोठे व एकदा लहान अक्षर वापरले, तर यंत्राच्या लेखी त्या दोन वाटा होतात.

नकाशावरील आपल्या नोंदीचाही विचार करावा. गुगलवर गावाचे व वैद्याचे नाव टाकले की जो चौकोन दिसतो, त्यातूनच पुष्कळ लोक फोन करतात, वाट विचारतात आणि संकेतस्थळाकडे फिरकतही नाहीत. ‘बिझनेस प्रोफाइल’मध्ये या फोनचा व वाट विचारण्याचा वेगळा हिशेब मिळतो. तो जमेस धरल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

रुग्णाचे शब्द, आपले शब्द

या सर्व खटाटोपात आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटलेले साधन म्हणजे ‘गुगल सर्च कन्सोल’. लोकांनी गुगलवर काय लिहिले असता आपले पान त्यांच्यापुढे आले, किती जणांना ते दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे त्यात सोळा महिन्यांपर्यंत पाहता येते. त्यासाठी पानांत कोड बसवून भेट देणाऱ्याचा माग काढावा लागत नाही.

येथे आपल्या शिक्षणाचा व समाजाच्या भाषेचा सांधा निखळलेला स्पष्ट दिसतो. आपण पानाचे शीर्षक ‘अर्श’ असे देतो, लोक ‘मूळव्याध’ शोधतात. आपण ‘अश्मरी’ लिहितो, लोक ‘मुतखडा’ लिहितात. ‘कामला’ आपली, ‘कावीळ’ त्यांची. ‘श्वेतप्रदर’ हा शब्द पदवीच्या पुस्तकाबाहेर क्वचितच कोणी उच्चारतो, भगिनी ‘अंगावर पांढरे जाणे’ असे म्हणतात. त्यातही कोणी मराठी शब्द रोमन लिपीत लिहितो, कोणी हिंदी शब्द वापरतो, तर खानदेशात अहिराणी बोलणाऱ्याचा शब्द आणखी वेगळा असू शकतो. शास्त्रीय नाव काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी लोकांचा शब्द लिहिला, तर शास्त्र कोठेही उणावत नाही आणि रुग्णाला पान सापडते. बाह्यरुग्ण विभागात आपण रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घेतो. येथेही तेच करावयाचे आहे.

मात्र याच ठिकाणी एक मोह उभा राहतो. ‘मधुमेह कायमचा बरा’ अशा शब्दांनी लोक शोध घेतात असे दिसले, की तसेच शीर्षक देऊन पान लिहावे असे एखाद्याला वाटेल. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहासह अनेक व्याधींची नावे आहेत. त्यांच्या निदान, चिकित्सा वा प्रतिबंधासाठी औषधाची जाहिरात करण्यास हा कायदा मनाई करतो, आणि संकेतस्थळावरील मजकूरही जाहिरात ठरू शकतो. लोक काय शोधतात हे आकड्यांवरून कळते. आपण काय म्हणावे, हे मात्र शास्त्र व कायदा यांनीच ठरवावयाचे असते.

आकड्यांचे निदान

आकडा हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. एकाच लक्षणावरून निदान करण्याची चूक वैद्य करीत नाही, ती येथेही टाळावी.

पहिली सावधगिरी लहान संख्येची. समजा, एका आठवड्यात चाळीस भेटी झाल्या व पुढच्या आठवड्यात चव्वेचाळीस. त्यास दहा टक्के वाढ म्हणणे गणिताने बरोबर असले तरी अर्थाने पोकळ आहे, कारण चार माणसे कोणत्याही कारणाने अधिक येऊ शकतात. तालुक्याच्या गावातील संकेतस्थळाने आठवड्याऐवजी महिन्याची, आणि शक्य तर ऋतूची तुलना करावी.

दुसरी सावधगिरी गावाच्या नावाची. भेट देणाऱ्याचे शहर आय.पी. पत्त्यावरून अनुमानाने ठरविले जाते. मोबाइल कंपनीची वाहतूक मोठ्या शहरातून वळविली जात असल्याने अडावदचा रुग्ण अहवालात मुंबईचा किंवा पुण्याचा दिसू शकतो. अहवालात मुंबई वरच्या क्रमांकावर आहे म्हणून तेथे शाखा काढण्याचा विचार कोणी करू नये!

तिसरी सावधगिरी माणूस मोजण्याची. एकच व्यक्ती मोबाइल व संगणक दोन्हींवरून आली तर ती दोन मोजली जाते. याउलट, घरातील चौघे एकच मोबाइल वापरत असतील तर चौघे मिळून एक होतात. काहींचे ब्राउझर असा कोड चालूच देत नाहीत. त्यामुळे हा आकडा अंदाज आहे, शिरगणती नव्हे.

चौथी सावधगिरी वेळेची. दहा सेकंदांहून अधिक चाललेली, दोन पाने पाहिलेली किंवा एखादी प्रमुख कृती घडलेली भेट नव्या आवृत्तीत सहभागाची मानली जाते. परंतु पाच मिनिटे रेंगाळलेला माणूस रमला होता की त्याला दूरध्वनी क्रमांकच सापडत नव्हता, हे सेकंदावरून कळत नाही. आठ सेकंदांत वेळापत्रक पाहून निघालेल्या माणसाचे काम मात्र पूर्ण झालेले असू शकते.

म्हणून आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान या त्रयीची येथे आठवण ठेवावी. अहवाल हे अनुमानाचे साधन होय. प्रत्यक्ष हवे असेल तर केसपेपरवर ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असा एक रकाना घालावा व स्वागतकक्षात नम्रपणे विचारावे. महिन्याअखेर दोन्ही ताडून पाहावे. संकेतस्थळात बदल करावयाचा झाल्यास तो उपशयासारखा करावा, म्हणजे एका वेळी एकच. बसण्याच्या वेळा पानाच्या वर आणल्या, तर महिनाभर दुसरे काही बदलू नये आणि फोनची संख्या पाहावी. रंग, मजकूर व वेळा एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला, हे कळणार नाही.

रुग्णाचे गुपित

आता मुख्य मुद्दा. भांड्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळावर कोणी कोणते पान पाहिले, हे उघड झाले तरी फारसे बिघडत नाही. वैद्याच्या संकेतस्थळावर पानाचे नावच व्याधी सांगते. वंध्यत्व, शुक्रदोष, श्वेतप्रदर, व्यसनमुक्ती, मानसिक विकार यांची पाने माणूस रात्री एकटा असताना उघडतो. घरातही न बोललेली गोष्ट तो त्या पानापाशी बोलत असतो. कोड बसविलेला असेल, तर पानाचा पत्ता, वेळ आणि त्या मोबाइलची ओळख पटविणारा क्रमांक आपल्या नकळत एका परदेशी कंपनीकडे जातो. गुगलची कुकी सामान्यतः दोन वर्षांपर्यंत राहते. जाहिरातीच्या कंपनीचा कोडही त्याच पानावर असेल, तर उद्या त्याच मोबाइलवर त्याच व्याधीच्या जाहिराती दिसू लागण्याची शक्यता असते. घरात मोबाइल एकच असेल तर याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘गुडआरएक्स’ या औषधविषयक सेवेवर कारवाई केली. वापरणाऱ्यांच्या औषधांची व आजारांची माहिती त्यांना न सांगता फेसबुक, गुगल आदी जाहिरात कंपन्यांकडे पोहोचविल्याचा आरोप होता आणि पंधरा लाख डॉलरचा दंड ठरला. त्याच वर्षी ‘बेटरहेल्प’ या समुपदेशन सेवेला अशाच स्वरूपाच्या आरोपावरून अठ्ठ्याहत्तर लाख डॉलर द्यावे लागले. या दोन्ही प्रकरणांत माहिती बाहेर जाण्याची वाट होती ती पानांत बसविलेल्या अशाच कोडांची, असे त्या आयोगाचे म्हणणे होते.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील गणली आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य बंधने नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. संमती मागताना दिलेली सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देणे हा कायदा आवश्यक ठरवितो. अठरा वर्षांखालील मुलांचा माग ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे यांस त्यात मनाई आहे.

परंतु वैद्याने हे केवळ कायद्याच्या धाकाने पाळावयाचे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्याला जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, हा स्पष्ट दंडक आहे. त्या काळी वैद्य रुग्णाच्या घरी जात असे. आज रुग्ण मोबाइलच्या पडद्यावरून आपल्या घरी येतो. दंडक बदललेला नाही.

तालुक्याच्या गावात याला आणखी एक बाजू आहे. शहरातील हजार भेटींत एक माणूस हरवून जातो, आपल्याकडील दहा भेटींत तो ओळखू येतो. एखाद्या गावातील गटात दुवा पाठविला, अर्ध्या तासात एकाने वंध्यत्वाचे पान पाहिले आणि लगेच फोन आला, तर स्वागतकक्षातील मुलाला अंदाज बांधण्यास वेळ लागत नाही. सर्च कन्सोलमध्ये अगदी मोजक्या जणांनी शोधलेले शब्द गुगल स्वतःच दाखवीत नाही. तेवढा संयम आपण का ठेवू नये?

पाळावयाचे नियम

आम्ही आमच्यापुरते ठरविलेले नियम सभासदांच्या विचारार्थ मांडतो.

१. कोड फक्त पत्ता, वेळा, पंचकर्माची सर्वसाधारण माहिती व उत्पादने यांच्या पानांवर ठेवावा. व्याधींच्या पानांवर तो नसावा. त्यांचा हिशेब सर्व्हरवरील नोंदींच्या महिनाअखेरच्या गोषवाऱ्यावरून घ्यावा, किंवा आपल्याच होस्टिंगवर मॅटोमो बसवून त्यात आय.पी. पत्त्याचा शेवटचा भाग झाकावा.

२. जाहिरात कंपन्यांचे कोड संकेतस्थळावर घेऊ नयेत. ॲनालिटिक्समधील जाहिरातीशी जोडलेल्या सोयी बंद ठेवाव्यात.

३. भेटीची वेळ ठरविण्याचा अर्ज भरल्यानंतर उघडणाऱ्या ‘धन्यवाद’ पानाच्या पत्त्यात नाव, दूरध्वनी वा तक्रार येत नाही ना, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. तसे असेल तर ती माहिती मोजणीच्या कंपनीकडे जाते, आणि व्यक्तीची ओळख पटविणारी माहिती पाठविण्यास गुगलच्या नियमांतही बंदी आहे.

४. आपण काय मोजतो व का मोजतो, हे चार सोप्या मराठी वाक्यांत सांगावे. नकार देण्याचे बटण संमतीच्या बटणाइतकेच ठळक असावे, आणि नकार देणाऱ्यालाही पान पूर्ण दिसावे.

५. अहवाल पाहण्याचा अधिकार दोन व्यक्तींहून अधिक कोणास नसावा. नोकरी सोडणाऱ्याचा अधिकार त्याच दिवशी काढावा. अहवालाची छायाचित्रे गटांत पाठवू नयेत.

या नियमांमुळे काही आकडे आपल्याला मिळणार नाहीत, हे खरे. परंतु वर ठरविलेल्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यामुळे अडत नाही.

औषधालयांसाठी

औषधनिर्मात्यांचे काम काहीसे सोपे आहे, कारण त्यांच्या संकेतस्थळावर रुग्णांबरोबर वैद्य व विक्रेतेही येतात. दरपत्रक किती वेळा उतरविले गेले, विक्रेत्यांच्या यादीतील कोणत्या जिल्ह्याचे पान अधिक पाहिले गेले, उत्पादनाच्या पानावर आलेले लोक घटकद्रव्यांच्या माहितीपर्यंत पोहोचले काय, या नोंदी व्यवसायास थेट उपयोगी आहेत. ऋतू बदलण्यापूर्वी कोणत्या कल्पांची पाने अधिक उघडली जाऊ लागतात, हे दोन वर्षे पाहिले तर साठ्याचे नियोजन करता येते. पण एखाद्या उत्पादनाचे नावच व्याधी सांगत असेल, तर त्या पानाला वरील पहिला नियम लागू आहे, हे विसरू नये.

महिन्यातून अर्धा तास

रोज आकडे पाहण्याचा नाद लागतो, तो टाळावा. महिन्याच्या पहिल्या तारखेस अर्धा तास काढून एका वहीत पाच ओळी लिहाव्यात : एकूण भेटी, सर्वाधिक पाहिलेली तीन पाने, प्रमुख वाटा, संकेतस्थळावरून झालेले फोन, आणि केसपेपरवरील रकान्यातून कळलेली संख्या. सहावी ओळ या महिन्यात करावयाच्या एका बदलाची. बारा महिन्यांनी ही वही वाचली असता आपले संकेतस्थळ कोणाच्या उपयोगी पडते व कोणाच्या पडत नाही, हे कोणत्याही सल्लागाराच्या मदतीवाचून कळेल.

सभासदांनी या महिन्यात निदान दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. खाते कोणाच्या नावावर आहे, ते पाहावे. आणि आपल्या व्याधीविषयक पानांवर कोणाकोणाचे कोड बसलेले आहेत, याची यादी तंत्रज्ञाकडून लेखी घ्यावी. ज्या कोडचे प्रयोजन तो एका वाक्यात सांगू शकणार नाही, तो त्याच दिवशी काढून टाकावा.